विश्लेषण : शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाने मायक्रोवेव्ह ओव्हन कसा घडवला? पर्सी स्पेन्सर यांची गोष्ट

रडारसमोर उभ्या असलेल्या एका शास्त्रज्ञाच्या खिशातील चॉकलेट वितळले आणि मायक्रोवेव्ह ओव्हनचा शोध लागला, ही गोष्ट अनेकांनी ऐकलेली असते. गोष्ट खोटी नाही, पण अर्धीच आहे. हा माणूस पदवीधर शास्त्रज्ञ नव्हता. त्याने प्राथमिक शाळाही पूर्ण केलेली नव्हती. शिवाय, रडारच्या नळ्यांमधून उष्णता जाणवते हे त्याच्याआधी इतरांनाही ठाऊक होते. मग शोध त्याच्याच नावावर का? ओव्हनमध्ये विजेची ऊर्जा अन्नापर्यंत नेमकी कशी पोहोचते? आणि या शोधातून त्याला काय मिळाले? पर्सी स्पेन्सर यांच्या आयुष्याचा आणि त्यांच्या यंत्राचा हा वेध.

पर्सी स्पेन्सर कोण होते?

पर्सी लेबॅरन स्पेन्सर यांचा जन्म १९ जुलै १८९४ रोजी अमेरिकेच्या मेन राज्यातील हाऊलंड या छोट्या गावात झाला. ते दीड वर्षाचे असताना वडील वारले. काही काळातच आई त्यांना नातेवाईकांकडे सोडून निघून गेली. काका-काकूंनी त्यांना वाढवले, पण पर्सी सात वर्षांचे असताना काकांचेही निधन झाले. घरात कमावते कोणी उरले नाही.

वयाच्या बाराव्या वर्षी शाळा सोडून पर्सी लाकडी रिळे बनवणाऱ्या कारखान्यात कामाला लागले. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम, असा चार वर्षांचा क्रम होता. सोळाव्या वर्षी त्यांच्या कानावर आले की, जवळच्या कागद कारखान्यात वीज आणली जाणार आहे. त्या ग्रामीण भागात विजेची माहिती असलेली माणसे मोजकीच होती. पर्सी यांनी मिळेल तिथून माहिती गोळा केली आणि कामासाठी अर्ज केला. कारखान्यात वीज जोडणीसाठी निवडलेल्या तिघांपैकी ते एक ठरले. विजेचे कोणतेही औपचारिक शिक्षण त्यांच्याकडे नव्हते.

शिक्षण नसताना ते अभियंता कसे झाले?

एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली. जहाजावरील बिनतारी यंत्रचालकांनी शेवटपर्यंत संदेश पाठवले आणि त्यामुळे शेकडो लोकांचे प्राण वाचले. या घटनेचा सतरा वर्षांच्या पर्सी यांच्यावर मोठा परिणाम झाला. बिनतारी तंत्र शिकायचे या निश्चयाने ते अमेरिकेच्या नौदलात दाखल झाले.

तिथे रात्रीच्या पहाऱ्यावर असताना त्यांनी पाठ्यपुस्तके वाचायला सुरुवात केली. त्रिकोणमिती, कलनशास्त्र, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, धातुशास्त्र हे सारे विषय त्यांनी स्वतःच शिकून घेतले. यातील धातुशास्त्र पुढे त्यांच्या सर्वाधिक कामी आले.

१९२०च्या दशकात ते मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका नव्या कंपनीत रुजू झाले. १९२२ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने १९२५ मध्ये रेथिऑन हे नाव घेतले. घरगुती रेडिओ तेव्हा बॅटरीवर चालत. ते थेट घरातील विजेवर चालावेत यासाठी लागणारी नळी, म्हणजे व्हॉल्व्ह, हे कंपनीचे सुरुवातीचे महत्त्वाचे उत्पादन होते. काचेच्या आणि धातूच्या या नळ्यांमध्ये इलेक्ट्रॉन कसे वागतात, हे समजून घेण्यात स्पेन्सर यांची पुढची वर्षे गेली. दुसरे महायुद्ध सुरू होईपर्यंत रडारच्या नळ्यांमधील आघाडीच्या जाणकारांमध्ये त्यांची गणना होऊ लागली होती.

मॅग्नेट्रॉन म्हणजे काय?

१९४० मध्ये ब्रिटनमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी पोकळ्यांचा मॅग्नेट्रॉन तयार केला. सुमारे १० सेंटिमीटर लांबीच्या लहरी तो प्रचंड ताकदीने निर्माण करत असे. लहरी जितक्या आखूड, तितक्या लहान वस्तू रडारवर दिसतात आणि अँटेनाही लहान लागतो. त्यामुळे विमानात बसेल असे रडार शक्य झाले. रात्री समुद्राच्या पृष्ठभागावर आलेल्या जर्मन पाणबुड्या त्याने टिपता येऊ लागल्या.

त्याची रचना अशी असते. मधोमध तापलेली तार, तिच्याभोवती तांब्याचे कडे आणि कड्यात गोलाकार कोरलेल्या पोकळ्या. वर-खाली चुंबक बसवलेले असते. तापलेल्या तारेतून निघालेले इलेक्ट्रॉन सरळ कड्याकडे धावू पाहतात, पण चुंबकामुळे त्यांची वाट वळते आणि ते गोल फिरू लागतात. पोकळ्यांच्या तोंडावरून जाताना ते त्यात विद्युतचुंबकीय स्पंदने निर्माण करतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारली की सूर निघतो, तसाच हा प्रकार. पोकळीचा आकार कंपनांची वारंवारता ठरवतो.

म्हणूनच हे कडे बनवणे जिकिरीचे होते. तांब्याच्या भरीव ठोकळ्यातून अगदी बारीक मापात पोकळ्या कोराव्या लागत. माप थोडे चुकले, तर नळी निकामी. कुशल कारागीर मोजके आणि युद्धाची मागणी मात्र हजारोंची होती.

स्पेन्सर यांनी युद्धकाळात काय बदलले?

ब्रिटिशांनी १९४० मध्येच हे तंत्र अमेरिकेच्या हवाली केले. उत्पादनासाठी ज्या कंपन्या पुढे आल्या, त्यांत रेथिऑन होती. ठोकळा कोरण्याऐवजी स्पेन्सर यांनी वेगळी पद्धत सुचवली. तांब्याच्या पातळ पत्र्यांतून पोकळ्यांचा आकार प्रेसवर पंच करून कापायचा. असे पत्रे एकावर एक रचायचे, मध्ये चांदीमिश्रित डाख ठेवायचा आणि भट्टीतून काढायचे. डाख वितळून पत्रे एकसंध होतात आणि कडे तयार!

एकदा साचा अचूक बनला की प्रत्येक पत्रा अचूकच निघतो. त्यामुळे कमी प्रशिक्षण असलेल्या कामगारांकडूनही काम होऊ लागले. युद्ध संपेपर्यंत रेथिऑनचे उत्पादन दिवसाला सुमारे २६०० मॅग्नेट्रॉनपर्यंत गेले. या कामासाठी अमेरिकी नौदलाने त्यांना नागरिकांसाठीचा विशेष लोकसेवा सन्मान दिला. रिळांच्या कारखान्यातील मुलाने रडारच्या उत्पादनातील सर्वात मोठी अडचण दूर केली होती.

वितळलेल्या चॉकलेटची गोष्ट कितपत खरी?

१९४५ च्या सुमारास स्पेन्सर चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभे होते आणि त्यांच्या खिशातील खाऊ वितळला, हे खरे. मात्र त्यांच्या नातवाने सांगितल्यानुसार ते साधे चॉकलेट नव्हते, शेंगदाण्याची वडी होती. जेवणाच्या सुट्टीत खारींना घालण्यासाठी ते ती खिशात ठेवत.

हा फरक क्षुल्लक वाटेल, पण तो महत्त्वाचा आहे. चॉकलेट अंगाच्या उबेनेही मऊ पडते. त्यामुळे कोणाला फारसे आश्चर्य वाटले नसते. शेंगदाण्याची वडी वितळायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. ती वितळली, म्हणजे ऊर्जा दुसरीकडून आली असली पाहिजे.

मॅग्नेट्रॉनजवळ ऊब जाणवते हे प्रयोगशाळेतील इतरांनाही माहीत होते. रेडिओ लहरींनी अन्न तापते हेही नवे नव्हते. १९३३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात वेस्टिंगहाऊस कंपनीने दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये अन्न ठेवून ते ६० मेगाहर्ट्झच्या लहरींनी शिजवून दाखवले होते. पण त्या लहरींची लांबी ५ मीटर होती.

स्पेन्सर यांनी खिसा साफ करून विषय सोडून दिला नाही. त्यांनी मक्याचे दाणे मागवून नळीजवळ धरले. लाह्या फुटून प्रयोगशाळेत उडाल्या. नंतर अंडे ठेवले. आतल्या वाफेच्या दाबाने ते फुटले आणि वाकून पाहणाऱ्या सहकाऱ्याच्या तोंडावर उडाले, असे सांगितले जाते. अंडे सालीसकट मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये, ही सूचना आजही ओव्हनच्या माहितीपुस्तिकेत असते.

८ ऑक्टोबर १९४५ रोजी, म्हणजे युद्ध संपून दोन महिने होण्याच्या आत, त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. लहरींची लांबी अन्नपदार्थाच्या आकाराच्या आसपास असेल, तर ऊर्जा अन्नात कार्यक्षमतेने उतरते, हा त्यातील कळीचा मुद्दा होता. ५ मीटरची लहर बटाट्यासाठी फारच लांब. १० सेंटिमीटरची लहर मापात बसणारी. २४ जानेवारी १९५० रोजी हे पेटंट मंजूर झाले.

ओव्हनमध्ये ऊर्जा अन्नापर्यंत कशी पोहोचते?

गॅसवर आधी भांडे तापते, मग भांड्याला लागून असलेला थर आणि तिथून उष्णता आत सरकते. बरीचशी उष्णता भांड्याच्या कडेने हवेत निघून जाते. मायक्रोवेव्हमध्ये भांड्याचा टप्पाच नसतो. प्लगमधून आलेली वीज ट्रान्सफॉर्मरमुळे हजारो व्होल्टपर्यंत चढते, मॅग्नेट्रॉन तिचे लहरींत रूपांतर करतो आणि त्या धातूच्या पोकळ मार्गाने पेटीत सोडल्या जातात.

पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित धन, तर दुसरे किंचित ऋण असते. ओव्हनमधील विद्युतक्षेत्र सेकंदाला सुमारे २.४५ अब्ज वेळा पुढे-मागे होते. रेणू त्यानुसार वळू पाहतात, पण शेजारच्या रेणूंना धडकतात. या धडपडीतून लहरींची ऊर्जा उष्णतेत बदलते. काच किंवा चिनी मातीच्या भांड्यात असे मोकळेपणाने वळणारे रेणू नसल्याने लहरी त्यांतून आरपार जातात. भांडे गरम होते ते बहुतांशी आतल्या अन्नामुळे.

पेटीच्या भिंती धातूच्या असल्याने लहरी परावर्तित होऊन पुन्हा अन्नाकडे येतात. स्पेन्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहरी बंद धातूच्या पेटीत सोडल्या, त्यामागे हेच कारण होते. मोकळ्या हवेत विखुरणारी ऊर्जा पेटीत कोंडली, की ती जिरण्यासाठी मुख्यतः अन्नच उरते. मात्र परावर्तित लहरी एकमेकींत मिसळून काही ठिकाणी जोर धरतात, तर काही ठिकाणी क्षीण होतात. म्हणून एक घास चटका देतो आणि शेजारचा थंड लागतो. फिरती काचेची थाळी त्यासाठीच असते.

एक कप पाण्याचा हिशेब काय सांगतो?

२०० ग्रॅम पाणी २५ अंशांवरून १०० अंश सेल्सिअसपर्यंत नेण्यासाठी सुमारे ६३ हजार ज्यूल ऊर्जा लागते. ८०० वॉटचा ओव्हन सेकंदाला ८०० ज्यूल देतो. म्हणजे आदर्श स्थितीत सुमारे ७९ सेकंद. काही ऊर्जा कप आणि वाफेवर खर्च होत असल्याने प्रत्यक्षात त्याहून थोडा जास्त वेळ लागतो.

पण ८०० वॉट ही अन्नाला मिळणाऱ्या लहरींची शक्ती आहे. त्यासाठी प्लगमधून साधारण १२०० वॉट घेतले जातात. उरलेले मॅग्नेट्रॉन आणि ट्रान्सफॉर्मर तापण्यात जातात. मागच्या जाळीतून गरम हवा येते ती हीच. या हिशेबाने एक कप पाण्याला साधारण ०.०३ युनिट वीज लागते. कमी प्रमाणात अन्न गरम करण्यासाठी मायक्रोवेव्ह काटकसरीचा ठरतो, तो इथे. मोठे पातेले भरून स्वयंपाक करताना हा फायदा कमी होतो.

मायक्रोवेव्हविषयी कोणते गैरसमज आहेत?

पहिला गैरसमज म्हणजे अन्न आतून बाहेर शिजते. लहरी बाहेरूनच शिरतात आणि साधारण काही सेंटिमीटर आत जाईपर्यंत त्यांची ताकद बरीच घटते. त्यापुढे उष्णता नेहमीच्याच पद्धतीने सरकते. शिजवून झाल्यावर पदार्थ दोन मिनिटे तसाच ठेवण्याची सूचना म्हणूनच पाळावी.

दुसरा म्हणजे २.४५ गिगाहर्ट्झ ही पाण्याची खास वारंवारता आहे. तसे नाही. सामान्य तापमानाला पाणी सर्वाधिक शोषण करते ते २० गिगाहर्ट्झच्या आसपास. तिथे ओव्हन चालवला, तर सारी ऊर्जा वरच्या थरातच जिरेल. अमेरिकेत मोठ्या कारखान्यांत ९१५ मेगाहर्ट्झवरही अन्न तापवले जाते. २.४५ गिगाहर्ट्झचा पट्टा उद्योग, विज्ञान आणि वैद्यकीय उपकरणांसाठी राखून ठेवलेला आहे. वाय-फाय आणि ब्लूटूथही याच शेजारात चालतात. ओव्हन सुरू असताना स्वयंपाकघरात मोबाइलवरील व्हिडीओ अडखळतो, त्यामागे हे कारण असू शकते.

तिसरा म्हणजे अन्न किरणोत्सारी होते. या लहरींच्या एका फोटॉनची ऊर्जा दृश्य प्रकाशाच्या फोटॉनच्या सुमारे दोन लाखांव्या हिश्श्याएवढी असते. अणूची रचना बदलणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे. ओव्हन बंद झाला की दिवा मालवल्यावर प्रकाश जातो तशा लहरीही जातात. दरवाजावरील जाळीची छिद्रे एक-दोन मिलिमीटरची, तर लहर १२ सेंटिमीटरची. त्यामुळे ती बाहेर पडत नाही. दार किंवा जाळी खराब झाली असेल, तर मात्र ओव्हन वापरू नये. तीव्र लहरी शरीरातील पाणीही तापवू शकतात.

घराघरांत पोहोचायला वीस वर्षे का लागली?

रेथिऑनने १९४७ मध्ये रडाररेंज नावाने पहिला ओव्हन बाजारात आणला. तो सुमारे १.८ मीटर उंच आणि ३४० किलो वजनाचा होता. मॅग्नेट्रॉन थंड ठेवण्यासाठी त्याला पाण्याची जोडणी लागे. किंमत काही हजार डॉलर. हे यंत्र मोठी उपाहारगृहे आणि जहाजांपुरतेच राहिले.

चवीचाही प्रश्न होता. पाणी असेपर्यंत पदार्थाचा पृष्ठभाग १०० अंशांच्या फारसा वर जात नाही. खरपूस रंग आणि वास येण्यासाठी त्याहून बरेच जास्त तापमान लागते. पोळी मायक्रोवेव्हमध्ये गरम होते, पण तिला तव्यावरचा खमंगपणा येत नाही, त्याचे कारण हेच.

१९५५ मध्ये टॅपन कंपनीने घरगुती ओव्हन आणला, पण त्याची किंमत १२९५ डॉलर होती. १९६५ मध्ये रेथिऑनने अमाना ही फ्रिज बनवणारी कंपनी विकत घेतली. जपानमध्ये तोवर लहान आणि स्वस्त मॅग्नेट्रॉन विकसित झाले होते. १९६७ मध्ये अमानाने ओट्यावर मावणारा ओव्हन ४९५ डॉलरला आणला आणि इथून घरगुती बाजार खऱ्या अर्थाने खुला झाला.

स्पेन्सर यांना काय मिळाले?

पेटंट स्पेन्सर यांच्या नावावर असले, तरी त्याचे हक्क कंपनीकडे होते. शोध लावणाऱ्या कर्मचाऱ्याला रेथिऑन तेव्हा ठरावीक बक्षीस देत असे, दोन डॉलर. मायक्रोवेव्ह ओव्हनसाठी त्यांनाही तेवढेच मिळाले. विक्रीतला वाटा नव्हता. त्यांच्या नावावर शंभरहून अधिक पेटंट होती. त्यातील एक, १९४९ मधले, मायक्रोवेव्हवर मक्याच्या लाह्या फोडण्याचे होते.

कंपनीत ते वरिष्ठ उपाध्यक्ष आणि संचालक मंडळाचे सदस्य झाले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ आर्ट्स अँड सायन्सेसने सन्माननीय सदस्य म्हणून निवडले. सहावी-सातवीच्या पुढे वर्गात न बसलेल्या माणसाला सगळे डॉक्टर स्पेन्सर म्हणू लागले.

८ सप्टेंबर १९७० रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तेव्हा ओट्यावरचा ओव्हन बाजारात येऊन तीनच वर्षे झाली होती. मायक्रोवेव्हची मोठी लाट त्यांच्या मृत्यूनंतर, १९७०च्या दशकात आली. १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मान दालनात त्यांचे नाव समाविष्ट झाले.

खिशातला खाऊ वितळणे हा योगायोग होता. पण ती ऊर्जा नेमकी कुठून येते हे समजण्यासाठी मॅग्नेट्रॉन आतून-बाहेरून माहीत असावा लागतो आणि स्पेन्सर यांनी तो पत्र्यापासून डाखापर्यंत स्वतः उभा केला होता. आजही बाजारात मिळणाऱ्या बहुतेक ओव्हनच्या आत तेच तांब्याचे कडे, त्यातील पोकळ्या आणि वर-खाली बसवलेले चुंबक असते.